ध्रुवांवरचे आकडे नक्की कुणाच्या वहीत?

चाळणीवाला
(धागा)

रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत मी एक उद्योग करतो. आर्क्टिकमध्ये काल किती समुद्री बर्फ होता तो आकडा उतरवून माझ्या एक्सेलमध्ये टाकतो. कोणी पैसे देत नाही, कोणी विचारत नाही. बायको याला 'बर्फाचा मटका' म्हणते. ओपन काय, क्लोज काय, असं विचारते.

हा आकडा येतो अमेरिकेतल्या बोल्डर गावच्या एनएसआयडीसी या केंद्रातून. बर्फाचा हिशेब ठेवणं हेच त्यांचं काम. १९७८ च्या ऑक्टोबरपासूनचा ताळेबंद तिथे फुकट मिळतो. कोणीही घ्या, कुठेही बसून घ्या.

२०२५ च्या जूनअखेर कळलं, की हे आकडे ज्या उपग्रहांवरून निघतात त्यांचा डेटा पाचेक दिवसांत बंद होणार. उपग्रह अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे. ते बिचारे वर फिरतच होते, यंत्रंही चालू होती, बंद होणार होतं ते बाहेर वाटप. आधी तारीख ३० जून. ओरड झाल्यावर ३१ जुलै. मग म्हणाले, बरं, २०२६ च्या सप्टेंबरपर्यंत देतो. तोवर बोल्डरकरांनी दुसरी सोय केली. जपानचा 'शिझुकू' नावाचा उपग्रह २०१२ पासून वर आहे, त्याच्यावर एएमएसआर-२ हे तसंच मायक्रोवेव्ह टिपणारं यंत्र आहे. त्याच्या आकड्यांवर गाडी वळवली.

यात गंमत कुठे आहे? दोन यंत्रं एकाच जातीची असली तरी सारखं मोजत नाहीत. एकाची नजर बारीक, एकाची जाडी. आज एक थांबवून उद्या दुसरं लावलं तर आलेखात पायरी दिसते, आणि ती पायरी बर्फाची की यंत्राची ते सांगता येत नाही. इथे नशीब असं, की दोन्ही यंत्रं दहा-बारा वर्षं शेजारी शेजारी मोजत होती आणि जपानने आपले आकडे कुलपात ठेवले नव्हते. म्हणून सांधा जुळवता आला. माझ्या एक्सेलमध्ये तो सांधा कुठे आहे ते मी पिवळ्या रंगाने दाखवून ठेवलंय.

त्या आठवड्यात मला प्रश्न पडला, की ही वाटावाटीची पद्धत मुळात लावली कुणी? वाचत गेलो. जे कळलं ते असं.

१८८२-८३ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष झालं. कल्पना कार्ल वायप्रेख्ट या ऑस्ट्रियन नौदल अधिकाऱ्याची. त्याचं म्हणणं, प्रत्येक देश ध्रुवाकडे झेंडा रोवायला धावतो, त्यातून विज्ञानाच्या हाती काही लागत नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी ठरलेल्या जागी बसावं आणि एकाच वेळी, एकाच रीतीने मोजावं. बारा देश तयार झाले. वायप्रेख्ट मात्र त्याआधीच, १८८१ मध्ये वारला.

त्यातली अमेरिकेची तुकडी ग्रीली या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर गेली. पंचवीस माणसं. दोन उन्हाळे न्यायला येणारं जहाज पोचलंच नाही. उपासमार झाली, माणसं चामड्याचे तुकडे उकळून खायला लागली. शेवटी सहाजण जिवंत परतले. आणि तरीही या लोकांनी तापमानाच्या, चुंबकाच्या, भरती-ओहोटीच्या नोंदी सांभाळून आणल्या. गुरुत्व मोजायचा लंबकसुद्धा माघारीच्या वाटेवर ओढत नेला होता.

पुढे त्या नोंदींचं काय झालं? प्रत्येक देशाने आपापले जाडजूड ग्रंथ छापले. आपल्या पद्धतीने, आपल्या भाषेत, आपल्या सवडीने. सगळे आकडे एका टेबलावर मांडून बघायचं हे मूळ काम धड झालंच नाही. दुसरं ध्रुवीय वर्ष १९३२-३३ ला झालं. त्याचे कागद जुळवत होते तोवर महायुद्ध आलं.

म्हणून १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात लोक आधीच शहाणे झाले होते. मोजायला निघण्यापूर्वीच ठरवलं, आकडे ठेवायचे कुठे. 'जागतिक डेटा केंद्रं' काढली. 'अ' अमेरिकेत, 'ब' सोव्हिएत रशियात, 'क' युरोप आणि जपानकडे वाटून. एकाच नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या देशांत. काळ लक्षात घ्या, शीतयुद्ध ऐन भरात होतं, स्पुटनिक त्याच वर्षी उडाला. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले दोघे एकमेकांकडे हिशेबाच्या वह्या ठेवायला देत होते.

मला यातलं सगळ्यात पटलं ते 'प्रती'. डेटा 'खुला आहे' एवढ्यावर आपण खूश होतो. पण वही एकाच घरात असेल, तर त्या घरच्यांचा मूड बदलला की संपलं.

तुमचे अनुभव, शंका, शिव्या येऊ द्या.

---

ढब्बू_मिरची

पहिला प्रतिसाद माझा! लेख आवडला. मटक्याचा आजचा आकडा काय?

---

शंकासुर

लेख चांगला आहे, पण नेहमीचं 'वसुधैव कुटुंबकम्' वाजलं. व्यवहाराचं बोला. आपण अंटार्क्टिकात 'मैत्री' आणि 'भारती' ही ठाणी चालवतो. जहाज भाड्याने घ्यायचं, इंधन न्यायचं, माणसं वर्षभर तिथे ठेवायची. पैसा तुमच्या-आमच्या करातला. आणि डेटा जगाला फुकट? कांदा आपण पिकवायचा आणि भजी शेजाऱ्याने तळायची?

---

चाळणीवाला

@शंकासुर, भजीवरून सुरुवात केलीत म्हणजे चर्चा रंगणार.

पहिलं, ते आपण मान्य केलेलं आहे. अंटार्क्टिक करार १ डिसेंबर १९५९ ला झाला, तेव्हा बारा देश होते. त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय, की अंटार्क्टिकातली निरीक्षणं आणि निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ते सगळ्यांना मोकळेपणाने मिळावेत. आपण १९८३ च्या ऑगस्टमध्ये सही केली आणि सप्टेंबरात मतदानाचा हक्कही मिळाला. तो हक्क फुकट मिळत नाही. तिथे खरं संशोधन करून दाखवावं लागतं. आपली पहिली मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली ती उगाच नव्हे.

दुसरं, देतो त्याच्या कितीतरी पट घेतो. दक्षिण महासागरातले तरंगते फ्लोट, बर्फाखालच्या जमिनीचा नकाशा, साठ-साठ वर्षांची तापमानं. हे एकट्याच्या बळावर कुठल्या देशाला जमलंय? बर्फाखालच्या नकाशाचंच घ्या. 'बेडमॅप' म्हणतात त्याला. २००१ मध्ये पहिला आला, २०१३ मध्ये दुसरा, २०२५ मध्ये तिसरा. विमानातून रडार लावून, बर्फावर छोटे स्फोट करून, कुत्र्यांच्या गाड्यांच्या जमान्यापासून वेगवेगळ्या देशांनी घेतलेली मापं एकत्र केली. तिसऱ्यात आठ कोटींच्या वर बिंदू आहेत. त्यावरून कळलं की सगळ्यात जाड बर्फ विल्क्स लँडमधल्या एका बिननावाच्या दरीत आहे, ४,७५७ मीटर. त्या दरीवरून उडालेल्या देशाने आपला कागद दाबून ठेवला असता, तर तिथे नुसता अंदाज भरलेला असता.

---

शंकासुर

४,७५७ मीटर म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाई एकावर एक. मानलं. पण 'मोकळेपणाने' या शब्दावर माझा विश्वास नाही. दोन-दोन वर्षं संशोधक डेटावर बसून राहतात हे मी स्वतः पाहिलंय. (कुठे ते विचारू नका, नोकरी आहे.)

---

चाळणीवाला

ते खरं आहे आणि त्यावर माझं मत दोन्हीकडे झुलतं. चार महिने सूर्य न पाहता ज्याने मोजमाप केलं, त्याला पहिला पेपर लिहायची संधी मिळू नये का? 'मोझाइक' मोहिमेत २०१९ च्या शरदात 'पोलरस्टर्न' हे जर्मन जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवलं आणि वर्षभर बर्फाबरोबर वाहत जाऊ दिलं. वीस देशांची माणसं होती. त्यांनी निघण्याआधीच तारीख ठरवली: १ जानेवारी २०२३ ला सगळा डेटा सगळ्यांसाठी उघडा. तोपर्यंत मोहिमेतल्यांनी आपसात वापरायचा. हे मला बरं वाटतं. वाईट काय, तर तारीख न ठरवता बसून राहणं.

---

अल्पमती

धागा उत्तम. पण ध्रुवीय डेटाचा विषय निघाला आणि अजून ओझोनचं नाव कसं नाही निघालं?

---

ढब्बू_मिरची

ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे हो. नासाच्या कॉम्प्युटरने ओझोनचे कमी आकडे 'काहीतरी चूक आहे' म्हणून फेकून दिले आणि गरीब ब्रिटिशांनी जुन्या यंत्राने शोध लावला. व्हॉट्सॅपवर दर सहा महिन्यांनी येते.

---

अल्पमती

@ढब्बू_मिरची, तीच गोष्ट चुकीची आहे म्हणून तर लिहितोय. जरा सविस्तर लिहू द्या.

ब्रिटिशांचं अंटार्क्टिकातलं हॅली ठाणं १९५६ मध्ये वर धागाकर्त्याने सांगितलेल्या त्याच भूभौतिक वर्षासाठी सुरू झालं. तिथे डॉब्सन नावाचं यंत्र. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण दोन तरंगलांबींवर किती येतात ते बघून वर ओझोन किती आहे हे काढायचं. नोंदी हाताने, कागदावर. जोनाथन शँकलिन नावाचा तरुण १९७७ मध्ये ते ठाणं चालवणाऱ्या संस्थेत लागला, आणि त्याच्या वाट्याला आलं काय, तर साचलेल्या कागदी नोंदी कॉम्प्युटरमध्ये घालायचं रटाळ काम. एकदा केंब्रिजला संस्था लोकांना दाखवायचा दिवस होता. त्या वेळी स्प्रे-कॅनमुळे ओझोन धोक्यात अशी चर्चा होती. शँकलिनने ठरवलं, आपल्या नोंदींतून दाखवू या की वीस वर्षांत काहीच फरक पडलेला नाही. आलेख काढला, तर दर वसंतात आकडा खाली जातोय. (तिकडचा वसंत म्हणजे ऑक्टोबर.) जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन यांचा पेपर मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. तीनशेच्या घरातला आकडा दोनशेच्या खाली गेला होता. (ओझोन 'डॉब्सन एककात' मोजतात, हे आकडे त्यातले.)

आता नासा. त्यांच्या निंबस-७ उपग्रहाच्या प्रणालीत १८० च्या खालच्या आकड्यांवर 'संशयास्पद' अशी खूण लागत होती. खूण. फेकलं काही नव्हतं. पी. के. भारतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच त्या खुणांचा ढीग पाहिला होता. मग त्यांनी ताळा करायला दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी ठाण्याचे जमिनीवरचे आकडे काढले. ते तीनशेच्या आसपास. म्हणजे उपग्रह चुकतोय! प्रत्यक्षात चूक निघाली ती जमिनीवरच्या आकड्यांत. ऑगस्ट १९८५ मध्ये प्रागच्या परिषदेत नासाने जो नकाशा दाखवला, त्यात अख्ख्या खंडावर ते भोक दिसलं.

आणि तिसरा माणूस, ज्याचं नाव कोणी घेत नाही. शिगेरू चुबाची. जपानच्या अंटार्क्टिकातल्या 'स्योवा' ठाण्यावर त्याने १९८२ मध्ये मोजलं. १९८४ ला ग्रीसमधल्या परिषदेत मांडलं. लोक आले, पाहिलं, चहा प्यायले, गेले. त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. हॅलीसारखी लांबलचक माळ नव्हती.

म्हणजे बघा, एकच भोक तीन देशांच्या वह्यांत होतं. प्रत्येकाला वाटलं आपलंच यंत्र बिघडलंय. तिघांच्या वह्या एका खोलीत उघडल्या असत्या तर वर्षभर आधी कळलं असतं, असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं. १९८७ च्या सप्टेंबरात ओझोन वाचवायचा माँट्रिअलचा करार झाला, दोन वर्षांत. आज असं होईल?

---

ढब्बू_मिरची

🙏 व्हॉट्सॅप काकांना ही लिंक पाठवतो. ते म्हणतील 'फारच मोठं आहे'.

---

किहीमची_वाट

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

डेटा केंद्रांची नावं वाचून एकदम आठवलं. त्यातलं एक मुंबईत आहे! भूचुंबकत्वाचं जागतिक डेटा केंद्र. नव्या पनवेलची भूचुंबकत्व संस्था ते चालवते. 'मैत्री' आणि 'भारती'वरही याच संस्थेची चुंबकीय यंत्रं आहेत.

आमच्या अलिबागची वेधशाळा त्यांचीच. शाळेत असताना सहल गेली होती. दारातच सांगितलं, कडी, किल्ल्या, कंपास सगळं बाहेर. आमच्या बाईंच्या साडीची पिनसुद्धा. आतल्या खोलीत लोखंडाचा खिळा नाही. अंधार, आणि कोपऱ्यात एक बारीक उजेडाचा ठिपका कागदावर रेघ काढत होता. मुलांनी श्वास रोखला होता, कारण गुरुजी म्हणाले होते, 'हललात तर पृथ्वी हलली असं लिहिलं जाईल.' ते थापा मारत होते हे आता कळतं.

ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडतात, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला दुसरी बांधली, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं. @चाळणीवाला, तुमचा जपानी उपग्रहाचा सांधा वाचून मी हसले ते यासाठी. आमच्याकडे हे सव्वाशे वर्षांपूर्वी केलंय.

---

चाळणीवाला

@किहीमची_वाट, काय सुंदर! पहिलाच प्रतिसाद आणि धाग्याचा भाव वाढवलात. हे दोन वर्षं शेजारी मोजण्याचं मला अजिबात माहीत नव्हतं.

---

अल्पमती

कुलाब्याचं अजून एक. सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं जबरदस्त वादळ, कॅरिंग्टनचं म्हणतात ते. तारायंत्रं जळली, विषुववृत्ताच्या जवळपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. त्या दिवशी युरोपातल्या बऱ्याच यंत्रांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणूस बसून आकडा वाचत होता, आणि त्याने जवळजवळ १,६०० नॅनोटेस्लांची (चुंबकाचा जोर मोजायचं एकक) घसरण लिहून ठेवली. ती वही २००३ मध्ये परत उघडली. अमेरिकी, ब्राझिली आणि आपल्या मुंबईच्या संशोधकांनी मिळून पेपर लिहिला. आज वीज कंपन्या आणि उपग्रहवाले 'जास्तीत जास्त किती वाईट होऊ शकतं' याचा हिशेब करतात तेव्हा त्या वहीतला आकडा पुढे येतो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईच्या उकाड्यात बसून तो लिहिणाऱ्या कारकुनाला कोण सांगणार?

---

सड्यावरचा

मी वास्कोचा. आमच्या हेडलँड सड्यावर ती ध्रुवीय संशोधनाची संस्था आहे, एनसीपीओआर. १९९८ पासूनची. बाहेर माड, घाम, मुरगाव बंदराची धूळ, आणि आत एका खोलीत उणे वीस अंश. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंडगोल तिथे ठेवतात. एका ओळखीच्या मुलाने तिथे काम केलंय. तो म्हणायचा, मे महिन्यात जाड जाकीट घालून कामावर जाणारा गोव्यात मी एकटाच. घरी परत येताना त्याला नेहमी सर्दी.

भारतीय मोहिमांचा डेटा ठेवायला नॅशनल पोलर डेटा सेंटर तिथेच. शंकासुरांना आपले आकडे कुठे जातात हे बघायचं असेल तर आधी तिथे डोकवा.

---

शंकासुर

डोकावलो. माहितीची यादी दिसते. म्हणजे कुणी, कधी, कुठे, काय मोजलं. ते चांगलंय. पण मला एक सांगा, यादी म्हणजे डेटा नव्हे. मेनूकार्ड म्हणजे जेवण नव्हे.

---

चाळणीवाला

मेनूकार्डाशिवाय हॉटेलात गेलात कधी? 😄 गंमत सोडा. या 'यादी'ला मेटाडेटा म्हणतात आणि माझा पगार त्याच्यावर चालतो. एक प्रसंग सांगतो.

एकदा ऑफिसात कुठल्याशा थंड प्रदेशातल्या केंद्राची तापमानं आली. मी सरासरी काढली. उणे ४१२ अंश! पृथ्वीवर आजवर थेट मोजलेलं सगळ्यात कमी तापमान अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक ठाण्याचं, २१ जुलै १९८३ ला, उणे ८९.२. निरपेक्ष शून्यच उणे २७३ आहे, माझी फाइल त्याच्याही खाली गेली होती. झालं असं, की यंत्र बंद असलेल्या दिवशी रकान्यात -९९९९ लिहायची पद्धत होती. 'इथे आकडा नाही' असा त्याचा अर्थ. तो अर्थ लिहिलेला कागद फाइलीबरोबर आला नव्हता.

दुसरी फाइल. तारीख ०३-०४. तीन एप्रिल की चार मार्च? तिसरी. रेखांश ११, पूर्वेला की पश्चिमेला? चौथीत ठाण्याच्या नावात 'ऑ' सारखं एक नॉर्वेजियन अक्षर, ते आमच्या प्रणालीत प्रश्नचिन्ह झालं, आणि एकाच गावाची दोन गावं झाली. दोन्हींची वेगळी सरासरी. साहेबांनी ती स्लाइडवर लावली.

डेटा खुला करणं एका बटणाचं काम आहे. दुसऱ्याला तो *समजेल* असा करणं हे महिन्यांचं काम आणि त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

---

उत्तरायण

ते गाव नि-ऑलेसुंद असणार! मी नॉर्वेत त्रोम्सोला राहतो, दोनदा जाऊन आलोय. नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश उत्तरेला. दहाएक देशांची संशोधन ठाणी एका गल्लीत. आपलं 'हिमाद्री' २००८ पासून तिथे आहे, मधे ध्रुवप्रवासी अमुंडसेनचा पुतळा. बोटीतून उतरताना सांगतात, मोबाइल बंद, वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. नुसतं सायलेंट नाही, बंदच. तिथे दूरच्या क्वेसारकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या डिश आहेत. त्यावरून पृथ्वीची नेमकी स्थिती आणि गती काढतात. तुमच्या खिशातला फोन त्यांच्यासाठी म्हणजे कानाशी ढोल. पहिल्या दिवशी हात सारखा खिशाकडे जातो. तिसऱ्या दिवशी लोक जेवताना एकमेकांशी बोलायला लागतात.

पण मी लिहायला आलो ते दुसऱ्याच कारणाने. वर शीतयुद्धाचं कौतुक वाचलं. आता उलट चाललंय.

आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्याचा निम्म्याहून जास्त भाग रशियाचा. कायम गोठलेल्या जमिनीचाही मोठा हिस्सा त्यांचा. आर्क्टिकमधल्या आठ देशांनी २०१७ मध्ये फेअरबँक्सला करार केला, की संशोधकांना एकमेकांच्या हद्दीत जाता यावं, नमुने नेता यावेत, डेटा मिळावा. २०१८ ला तो लागू झाला. फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्चमध्ये बाकीच्या सातांनी आर्क्टिक कौन्सिल या आठांच्या मंडळातलं काम थांबवलं. का थांबवलं हे इथे सांगायला नको, आणि मी त्यांना दोषही देत नाही. पण परिणाम?

२०२४ च्या जानेवारीत एक अभ्यास आला. जमिनीवरच्या ६० संशोधन ठाण्यांचं जाळं घेतलं, त्यातली १७ रशियात. ती १७ काढून टाकली तर उरलेल्यांवरून दिसणारा आर्क्टिक खऱ्या आर्क्टिकपेक्षा किती वेगळा दिसतो ते मोजलं. काही बाबतींत हा फरक शतकाअखेरपर्यंत हवामानबदलाने होणाऱ्या फरकाएवढा निघाला. म्हणजे बदल झाला की नुसता आपला चष्मा फुटला, हे ओळखता येणार नाही.

माझ्या ओळखीची एक बाई वीस वर्षं सैबेरियातल्या एका सहकाऱ्याबरोबर जमिनीचं तापमान मोजत होती. आता तो दर नाताळला फोटो पाठवतो. नातवाचा. आकडे नाही.

---

अल्पमती

@उत्तरायण, आणि हेच व्होस्टोकवर उलटं झालं होतं. ठाणं सोव्हिएत, बर्फात भोक पाडणारे सोव्हिएत. दंडगोल न्यायला विमान अमेरिकेचं, सी-१३०. तपासायला प्रयोगशाळा फ्रान्समधली, ग्रेनोबलची. हे ऐंशीच्या दशकात, रेगन असताना! १९८७ ला बर्फात अडकलेली दीड लाखाहून जास्त वर्षांची हवा आणि तापमान यांची जोडी छापून आली, १९९९ पर्यंत ती ४,२०,००० वर्षांवर गेली. कार्बन डायऑक्साइड आणि तापमान बरोबरीने वरखाली होतात हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र तिथून आलंय.

---

शंकासुर

हे सगळं ठीक. आपल्याला काय? सैबेरियात जमीन वितळो नाहीतर राहो, माझ्या सोयाबीनला पाऊस वेळेवर पडणार का ते सांगा.

---

सड्यावरचा

@शंकासुर, योगायोग बघा. गोव्यातल्याच संशोधकांचा २०२१ चा एक पेपर आहे. त्यांना संबंध दिसला तो असा: उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ कमी असला, की सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. तुमचं सोयाबीन काढणीला आलेलं असतं तेव्हाच. संबंध आहे म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, तेही 'शक्यता' असंच म्हणतात. पण कारा समुद्र कुणाच्या दारात आहे? रशियाच्या.

---

शंकासुर

...

बरं. मागच्या सप्टेंबरचं नाव काढू नका. दीड एकर शेंगेतच कोंबारलं.

---

ढब्बू_मिरची

वातावरण फार गंभीर झालं म्हणून माझा आवडता डेटा-संकलक सादर करतो: हत्ती सील. खरंच. दक्षिण महासागरात हिवाळ्यात बर्फाखाली जहाज जात नाही, म्हणून केर्गेलेन वगैरे बेटांवर सीलच्या डोक्यावर एक छोटं यंत्र चिकटवतात. सील शिकारीला खोल बुडी मारतो, यंत्र पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतं. तो श्वास घ्यायला वर आला की आकडे उपग्रहाकडे. वर्षाने त्याची कातडी गळते, यंत्रही गळून पडतं. वेगवेगळ्या देशांनी असे लाखो नोंदींचे संच एका जागी करून उघडे ठेवलेत. सीलने ना विसा घेतला ना दोन वर्षं डेटावर बसला.

---

किहीमची_वाट

😂 पण एक शंका. सगळंच उघडं असावं का? आमच्याकडे कोळी लोक मासळीची जागा सांगत नाहीत, भावालासुद्धा नाही. तिकडच्या लोकांचं काय?

---

उत्तरायण

अगदी हाच वाद इथे आहे. सामी लोक रेनडियर पाळतात. कळप कुठून जातो, कुठला तलाव कधी गोठतो हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत. संशोधक आले, विचारून गेले, नकाशा छापला. मग त्याच नकाशावरून खाणवाला आला तर? म्हणून आता मूळ रहिवाशांच्या ज्ञानाबाबत वेगळे नियम धरतात. मालकी त्यांची, काय उघडं ठेवायचं ते ते ठरवणार. पानाच्या तळाशी आभार मानून भागत नाही.

---

पाटीखडू

आठ दिवस धागा नुसता वाचत होते. मी नववीला विज्ञान शिकवते. @चाळणीवाला यांचा मटका आमच्या वर्गाने खेळायचं ठरवलं. बोल्डरची फाइल उतरवली, आठ मुलांना पाच-पाच वर्षं वाटून दिली आणि चौकटीच्या कागदावर हाताने आलेख काढायला लावला. ज्याच्याकडे जुनी वर्षं आली त्याने दोन तक्रारी केल्या. एक, १९८७ च्या आधी एक दिवसाआड आकडे का? दोन, ३ डिसेंबर १९८७ पासून पुढे सव्वा महिना काहीच का नाही? त्याला वाटलं मी फाइल अर्धी दिली.

---

चाळणीवाला

मुलगा चाळणीवाला होणार! फाइल बरोबर आहे. पहिलं यंत्र एक दिवसाआडच चालवायचे, कारण उपग्रहावर वीज बेताची. ते यंत्र ऑगस्ट १९८७ मध्ये थांबलं, नवीन सुरू झालं, आणि त्या डिसेंबरात त्याचे आकडे सव्वा महिना नाहीत. जगात कितीही मोठा कॉम्प्युटर लावा, त्या दिवसांचा उपग्रही आकडा आता मिळणार नाही. त्याला म्हणावं, रेघ जोडू नकोस, जागा मोकळी सोड.

---

पाटीखडू

सांगितलं. तो म्हणतो, 'मग बाई, रशियाने मोजलं असेल ना तेव्हा?'

---

उत्तरायण

त्याला माझ्याकडून शाबासकी. लेनिनग्राडच्या आर्क्टिक संस्थेचे लोक विमानातून फिरून बर्फाचे नकाशे काढायचे. १९३३ पासून २००६ पर्यंतचे, फक्त त्यांच्या बाजूच्या समुद्रांचे, मधे खिंडारं आहेत. ते सगळे आकड्यांत उतरवून ठेवलेत. आणि ठेवलेत कुठे, तर बोल्डरला. त्या डिसेंबरचे आहेत का ते त्यालाच शोधू दे.

---

पाटीखडू

झालं. आता मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर लॅबची किल्ली मागायला येणार हा.